ओर्फाची रडवणारी पुस्तकं

ज्या गोष्टीत कोणी मरत नाही, कोणी दुरावत नाही आणि बर्फात उभं राहून कोणी कोणाची वाट बघत नाही, ती गोष्ट ओर्फा रुस्टाडच्या मते नाताळची नव्हेच. ती दुकानाची जाहिरात. हे मत ती न विचारता कोणालाही ऐकवत असे, आणि लंडगार्डसारख्या गावात असं खणखणीत मत बाळगणं म्हणजे जरा जास्तच समजलं जाई. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या त्या भागात नॉर्वेहून आलेल्यांचे नातू-पणतू नांदतात. त्यांच्यात प्रेम, राग, दुःख हे सगळं "बरं चाललंय" एवढ्यात उरकतं. अगदीच रडू आलं तर गाडीत बसावं, काचा वर कराव्यात, रडून घ्यावं आणि तोंड पुसून चर्चमध्ये यावं, अशी तिथली रीत.

ओर्फाने तीसेक वर्षं शाळेची बस चालवली. उंची इतकी बेताची की बुडाखाली दोन उशा घेतल्याशिवाय तिला रस्ता दिसायचा नाही, पण आवाज मागच्या बाकापर्यंत सहज पोचायचा. अर्ध्या गावाला लहानपणी कधी ना कधी तिने "खाली बस" म्हणून दटावलं होतं. त्यामुळे पन्नाशीतले बापे, अगदी बँकेचा मॅनेजरसुद्धा, ती समोर दिसली की आजही खिशातले हात बाहेर काढत.

तिचा नवरा कर्मिट आजारी पडून गावच्या वृद्धाश्रमात गेला, तेव्हा ती रोज दुपारी त्याच्याजवळ बसू लागली. बोलायचं काय, हा प्रश्न दोघांना लग्नापासूनच होता, म्हणून ती वाचून दाखवायला लागली. हळूहळू शेजारच्या व्हीलचेअरी सरकत सरकत जवळ आल्या. पुढे कर्मिट गेला, पण पुस्तक अर्ध्यावर होतं, आणि बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? पुढच्या गुरुवारी ओर्फा पुस्तक घेऊन हजर झाली. मग दर गुरुवारी येतच राहिली.

कर्मिटच्या दफनाच्या दिवशी ती रडली नव्हती. चर्चच्या तळघरात सगळ्यांना कॉफी वाढत फिरली, आणि लोक एकमेकांना म्हणाले, "किती खंबीर आहे बघ." पुढे नाताळात ती अशीच एक गोष्ट वाचत होती. त्यातला म्हातारा पोस्टमन मरतो आणि त्याची बायको खुंटीवरची त्याची टोपी काही केल्या काढत नाही. तिथे ओर्फाचा बांध फुटला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर डोकं ठेवून ती हमसून हमसून रडली. स्वतःच्या नवऱ्यासाठी एक टिपूस नाही, आणि कधी जन्मालाही न आलेल्या पोस्टमनसाठी एवढं? पण ते सगळं पाणी कर्मिटचंच होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हापासून त्या पुस्तकांना कोणी हसलं की ती अंगावर जाई.

वृद्धाश्रमातली तिची मंडळीही काही साधी नव्हती. ब्यूला नावाची एक म्हातारी होती, जन्मभर केस कापण्याचं दुकान चालवलेली. तिची अट अशी की पन्नास पानांच्या आत एक तरी माणूस गेलं पाहिजे. "कोणीच मेलं नाही तर मेणबत्त्या कशाला लावल्या मग?" असं ती विचारी. दत्तक मुलाची गोष्ट तिला आवडे, आंधळ्या मुलीची आवडे, पण शेवटी डॉक्टरने येऊन सगळ्यांना बरं केलं की ती भडके. "डॉक्टर आला की गोष्ट बिघडते," ती म्हणे. "आमच्याकडे रोज येतो, काय फरक पडलाय?"

पामर हाउगेनचं सगळं उलटं. नव्वदी उलटलेला गाईवाला शेतकरी, हात अजून फावड्याएवढे. डोळ्यांनी दिसेनासं झालेलं, म्हणून स्वतः वाचणं बंद. तो टोपी गुडघ्यावर ठेवून ऐके आणि शेवटी फक्त एक वाक्य बोले. "ठीक होतं" म्हणजे पुस्तक फार आवडलं. "वेगळं होतं" म्हणजे चुलीत घाला.

त्या डिसेंबरात ओर्फाने आणलेलं पुस्तक एका घड्याळजीचं होतं. बायको गेल्यावर त्याने घरात नाताळचं झाड लावणं सोडलंय. मग माळ्यावर त्याला एक पुडकं सापडतं. बायकोने इस्पितळात जायच्या आधी नाताळसाठी बांधून ठेवलेलं, वर त्याचं नाव. तो ते टेबलावर ठेवतो आणि उघडत नाही. ओर्फा तिथपर्यंत आली आणि तिच्या लक्षात आलं, की पामरच्या गालांवरून पाणी ओघळतंय. तोंड वाकडं नाही, हुंदका नाही. नुसतं पाणी ओघळत होतं आणि तो पुसतही नव्हता. त्याची बायको आर्लिस जाऊन पंचवीस-सव्वीस वर्षं झाली होती, तीही नाताळच्या तोंडावरच गेली होती. त्याला रडताना गावात कोणी पाहिलं नव्हतं.

"थांबू का, पामर?" ओर्फाने विचारलं.

"मी सांगितलं का थांबायला?"

पण तास संपला होता. शेवटचं प्रकरण पुढच्या गुरुवारी. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. ब्यूला म्हणे, पुडक्यात हातमोजे असणार. कोणी म्हणे फोटो. ओर्फाला खोदून खोदून विचारून उपयोग नव्हता, कारण पुढचं पान आधी वाचायचं नाही हा तिचा नियम होता. पामर एकदाच बोलला. "तिने काय ठेवलं असेल?"

गुरुवारी ओर्फा पायपुसण्यावर बूट झटकत होती, तेवढ्यात केंड्रा आली. करमणुकीचे कार्यक्रम ठरवणारी ती मुलगी स्वभावाने चांगली होती. फक्त तिला सगळे सदोदित हसत असलेले हवे असत.

"ओर्फा, तुमचं वाचन सगळ्यांना इतकं आवडतं ना," ती म्हणाली. "मी फक्त म्हणत होते, थोडं हलकंफुलकं घेतलं तर?"

"कोणी मागितलंय हलकंफुलकं?"

"तसं नाही हो. एका घरून फोन आला होता. पामरच्या मुलीचा. गुरुवारनंतर त्यांनी दोन दिवस नीट जेवण घेतलं नाही. तिचं म्हणणं, या वयात त्यांना कशाला त्रास?" मग तिने एक चकचकीत पुस्तक पुढे केलं. "हे बघा, किती गोड आहे. मफलर हरवलेल्या रेनडिअरचं."

"आणि मी माझंच वाचलं तर?"

"छे, काहीच नाही." केंड्रा आणखी गोड हसली. "मग गुरुवारी आपण बिंगो ठेवू. तुम्हालाही एवढ्या थंडीत येण्याचा त्रास नको."

लंडगार्डात माणसाला असंच हाकलतात. दाराबाहेर काढतात, आणि वर पावलं जपून टाक म्हणतात. आठवड्यातला हाच एक दिवस ती कपाटातला चांगला स्वेटर काढत असे. तो गेला की घर, खिडकी आणि बर्फ ढकलणारी गाडी, एवढंच उरणार होतं. आणि पामर? नव्वदी उलटलेल्या माणसाला पुडकं पुढच्या नाताळात उघडू म्हणून कोण सांगणार? तिने रेनडिअर मुकाट्याने हातात घेतलं आणि स्वतःची चीड आली तिला.

हॉलमध्ये सगळे वेळेआधीच जमले होते. ओर्फाने चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली. रेनडिअरचा मफलर हरवला. त्याने सशाला विचारलं. त्याने घुबडाला विचारलं.

"घड्याळजी कुठे गेला?" ब्यूला म्हणाली.

"आज हे आहे."

"हे रेनडिअर मरतं का?"

ओर्फाने शेवटचं पान चाळून बघितलं. या पुस्तकापुरता नियम मोडायला तिची हरकत नव्हती. "नाही. मफलर सापडतो."

"मग सापडू दे त्याचा त्याला," ब्यूला म्हणाली. "आम्ही काय बालवाडीत आलोय?"

पामरने उजव्या कानातलं ऐकण्याचं यंत्र काढलं. मग डाव्या कानातलं. दोन्ही शर्टाच्या खिशात टाकली, वर बटण लावलं आणि हात बांधून समोर बघत बसला. ब्यूलाने ते पाहिलं आणि आपलंही काढलं. मग तिच्या शेजारणीने काढलं. एकेक करत सगळ्या खोलीने आपापले कान काढून खिशात टाकले, मांडीवर ठेवले, रुमालात गुंडाळले. ज्यांना ऐकू येत होतं त्या दोघी-तिघींनी डोळे मिटून घेतले. ओर्फा घुबडापाशी थांबली. आयुष्यभर पोरांचा दंगा ऐकलेल्या त्या बाईला एवढी सणसणीत बंडखोरी कोणी दाखवली नव्हती.

तिला हसू फुटलं. रेनडिअर तिने बाजूच्या खुर्चीवर पालथं टाकलं आणि पिशवीतून घड्याळजी काढून दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला. यंत्रं पुन्हा कानात गेली. कुई कुई आवाज झाले आणि तिने वाचायला घेतलं.

पहिलं पानही झालं नसेल, तोच दारात जोलीन उभी. पामरची मुलगी. हातात लेफ्सेचा डबा, बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या बापाला लोणी-साखर लावून खायला आवडत म्हणून रात्री भाजलेल्या. तिने पुस्तक ओळखलं आणि तिचा चेहरा उतरला.

"रुस्टाडबाई, मी केंड्राला सांगितलं होतं."

"तिने मला सांगितलं," ओर्फा म्हणाली. "मी ऐकलं नाही."

"बाबा, चला. खोलीत जाऊन गरम गरम खाऊ."

पामरने तिच्याकडे मान वळवली, कानातली यंत्रं काढली आणि पुन्हा खिशात टाकली.

"त्याला आता ऐकू येत नाही," ब्यूलाने तत्परतेने कळवलं. "एक तर ओरड, नाहीतर बस."

जोलीन ओरडणाऱ्यांतली नव्हती. तिने डबा छातीशी धरला. "तुम्हाला काय जातंय वाचायला?" ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही वाचून घरी जाता. मी शनिवारी आले तर ते भिंतीकडे तोंड करून बसलेले. डोळे लाल. मी त्यांना असं कधी पाहिलं नाही, बाई. मला बघवत नाही."

"मग बघू नकोस," ओर्फा म्हणाली. "पण त्याचं रडणं तू का अडवतेस? त्याचं आहे ते. मी कर्मिटला पुरून आले आणि लोकांना साखर किती घालू म्हणून विचारत फिरले. सगळ्यांनी शाबासकी दिली. त्या शाबासकीचं मी काय करू? मला या पुस्तकांनी रडवलं, खोट्या माणसांची नावं सांगून रडवलं, आणि मी त्यांची ऋणी आहे. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. आज हे पुस्तक संपणार. उद्यापासून बिंगो खेळा, नाहीतर मला दाराबाहेर उभी करा. आता खाली बस."

शेवटचे दोन शब्द बसमधल्या आवाजात निघाले. जोलीन चाळिशी ओलांडलेली बाई, दोन मुलांची आई, पण बारा वर्षं त्याच बसने शाळेत गेलेली. ती बसली. बापाशेजारची खुर्ची तेवढी रिकामी होती. पामरने यंत्रं कानात घातली.

ओर्फाने वाचलं. घड्याळजी नाताळच्या संध्याकाळी दुकान बंद करतो. घरी येऊन दिवा लावतो. पुडक्याची दोरी कापत नाही, गाठ सोडवतो, कारण ती गाठ तिच्या हातची. आत लोकरीचे मोजे असतात. एक पुरा विणलेला, दुसरा टाचेपर्यंत, सुया तशाच अडकवलेल्या. इस्पितळातून परत येऊन पुरा करीन, असं समजून तिने ते बांधून ठेवलेले. घड्याळजी पुरा मोजा एका पायात घालतो, अर्धा दुसऱ्या पायात चढवतो, आणि टाच उघडीच ठेवून टेबलाशी जेवायला बसतो.

ब्यूलाने नाक शिंकरलं. "मी हातमोजे म्हणाले होते, जवळच होतं," ती म्हणाली. ओर्फाला पुढची ओळ दिसेना, चष्मा काढून पुसायला लागला.

पामर रडत नव्हता. रडत होती जोलीन. गावच्या रीतीप्रमाणे तिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं, ओठ दाताखाली धरला होता, मांडीवरचा डबा आवळला होता, आणि तरीही ती आवाज आवरत होती. आई गेली तेव्हा ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती.

पामरने हात पुढे केला. डोळ्यांनी दिसत नसल्यामुळे तो आधी डब्यावर आपटला, मग त्याला तिचं मनगट सापडलं.

"आई गेली त्या दिवशी संध्याकाळी धारा काढायच्या होत्या," तो म्हणाला. "तू बादल्या धुतल्यास, मी धारा काढल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेही होत्याच. गाई काय थांबतात? मग ते राहूनच गेलं आपलं. आता गाई नाहीत, जोलीन. रड तू."

आणि जोलीनच्या तोंडून असा आवाज निघाला, की तो वृद्धाश्रमाच्या पार टोकापर्यंत गेला. तिने डोकं बापाच्या खांद्यावर टाकलं. ब्यूलाची शेजारीण सुरू झाली, मग ब्यूला, मग ओर्फा. पामरने गुडघ्यावरची टोपी उचलून तोंडावर धरली आणि त्याचे खांदे गदगदू लागले.

धावत धावत केंड्रा आली. "अगं बाई, काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

पामरने टोपी खाली घेतली. चेहरा ओला, नाक लाल, आणि मान ताठ.

"आम्ही रडतोय," तो म्हणाला. "जाताना दार लावून घे."