ताई कातळावर राहिली

ताईला त्या डोंगरावर मीच नेलं. तिला यायचं नव्हतं.

"माझे गुडघे धरतात गं बाय. तुमी जावा वर, मी खाली लेण्यांपाशी बसते," ती म्हणाली होती. मी ऐकलं नाही. थंडीचे दिवस आहेत, उन्हाचा त्रास नाही, बसत बसत जाऊ, असं म्हणून मी तिला भरीला घातलं.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लोकांच्या शेतावर जायची तेव्हा मी ताईच्या कडेवर वाढले. आता ती भिवपुरीजवळच्या गावात एकटी राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. मी खालापूरला एका कचेरीत आवक-जावक बघते. आमच्या विहारातल्या बायका दर हिवाळ्यात एका रविवारी कुठंतरी जातात. त्या वर्षी आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी ठरवलं, कोंढाण्याच्या लेण्यांत वंदना घ्यायची आणि तिथूनच पायवाटेनं राजमाचीला चढायचं. सात बायका, मास्तर आणि त्यांचा मेहुणा, असे आम्ही नऊ जण होतो.

सकाळी टेंपोतून कोंदिवड्याला उतरलो तेव्हा बोलताना तोंडातून वाफ निघत होती. वाटेवरचं वाळलेलं गवत दवानं इतकं भिजलं होतं की साड्या गुडघ्यापर्यंत ओल्या झाल्या. ताईनं तपकिरी शाल डोक्यावरून घट्ट गुंडाळून घेतली होती. लेण्यांच्या वर, कड्याला, मधमाशांची मोहळं लोंबत होती, काळी आणि सुपाएवढी. ती बघून मास्तरांनी अगरबत्तीही लावू दिली नाही. वंदना आम्ही हळू आवाजात म्हटली. त्यामुळे पुढं जे झालं ते कशामुळे झालं, यावर नंतर खूप वाद झाले तरी मला खरंच सांगता येत नाही. कुणी म्हणे घारीनं पोळं फोडलं, कुणी म्हणे एकीनं लावलेल्या अत्तरामुळे. मला माहीत नाही.

चढ सुरू झाला तशी ताईला धाप लागायला लागली. अंगात ऊब आली म्हणून तिनं शाल काढून माझ्याकडे दिली, मी ती कमरेला बांधली. बाकीचे पुढं गेले. तासाभरानं वाट एका उघड्या कातळावर आली. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला उतार आणि त्याखाली कारवीची दाट झुडपं. पुढचे लोक वळणाआड दिसेनासे झाले होते. ताई कातळावर टेकली. "दोन मिंटं," म्हणाली. मी दोनतीन पावलांवर उभी राहून दरीपलीकडं बघत होते.

घूं असा आवाज आला तेव्हा मला वाटलं, समोरच्या डोंगरात आगगाडी घाट चढतेय. मग माझ्या पापणीला कुणीतरी सुई टोचावी तसं झालं. मग ओठाला. मग मानेला एकदम पाचसहा ठिकाणी. वळणापलीकडून मास्तर जिवाच्या आकांतानं ओरडले, "माशा! खाली पडा! हलू नका!"

मी पळाले.

पळायचं असं मी ठरवलं नाही. पाय सुटले एवढंच. उतारावरून घसरत, आपटत मी कारवीत घुसले, कमरेची शाल ओढून डोक्यावरून घेतली आणि गुडघे पोटाशी धरून पडून राहिले. शालीला ताईच्या तेलाचा वास येत होता. तेव्हा मला कळलं की माझ्या अंगावर ताईची शाल आहे आणि ताई वर उघड्यावर आहे.

"बाय! बाय गं! कुठं हायस?"

तिचा आवाज वीस-पंचवीस पावलांवरून आला. मी तोंड उघडलं नाही. तोंड उघडलं तर माशी आत जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"बाय गं! मला काय दिसत नाय!"

मी शालीखालून एक हात बाहेर काढला. लगेच त्यावर चारपाच माशा बसल्या. मी हात आत ओढला. मनात म्हणत होते, आता उठते, आता उठते. उठत नव्हते. ताईनं आणखी दोनदा हाक मारली. त्यानंतर नुसता कण्हण्याचा आवाज, आणि मग तोही बंद झाला. मी तोंडात शाल कोंबून रडत होते. ताई मेली असं मी तिथंच धरून चालले होते, आणि तरीही उठत नव्हते.

किती वेळ गेला कळलं नाही. खालून खोकल्याचा आवाज आला आणि धुराचा वास. एक बाई, पन्नाशीच्या आसपासची, काष्टा घातलेली, हातात धुमसणारा भारा घेऊन वर येत होती. वाळलेलं गवत आणि त्यावर ओला पाला. खालच्या ठाकरवाडीची बाई होती ती, गवत कापायला आली होती. कमरेला कोयता तसाच होता.

"कोण हाय गं तिथं?"

मी शालीतून डोळा बाहेर काढला. एकच डोळा उघडत होता.

"वर माझी बहीण आहे," मी म्हटलं. "मेली असेल."

"मेली का जिती, बघितलंस?"

"नाही."

"मंग उठ. ती जड हाय का?"

"हो."

"माझ्या एकटीच्यानं उचलायची नाय. उठ म्हणते ना." तिनं झुडपं मोडून दुसरा भारा बांधला, आपल्या भाऱ्यावरून पेटवला आणि माझ्या हातात दिला. "धूर तोंडापुढं धर. हात झटकू नको. पळायचं नाय."

मी तिच्या मागून चालले. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि माशा केसांत अडकून गुणगुणत होत्या. त्या बाईलाही चावत होत्या. तिच्या कोपरावर चार माशा मी बघितल्या. ती थांबली नाही.

ताई कातळाच्या कडेला पालथी पडली होती. पदर डोक्यावर ओढलेला, पण मान, पाठ आणि दोन्ही हात उघडे. त्यांच्यावर माशांचा थर होता. बाईनं भारा तिच्या अंगावरून फिरवला, माशा उठल्या, आणि आम्ही दोघींनी तिला काखेत धरून ओढत खाली आणलं. दगडांवरून तिचे पाय घासत होते. कारवीत आल्यावर मी तिच्या नाकापाशी बोट धरलं. श्वास होता.

"ताई," मी म्हटलं. तिचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. तिला वांती झाली, नुसतं पाणी.

माशा हळूहळू कमी झाल्या तसे मास्तर आणि बाकीचे एकेक करून उतरले. सगळ्यांनाच चावल्या होत्या, पण ताईइतक्या कुणालाच नाही. फोनला रेंज नव्हती. मास्तरांचा मेहुणा खाली पळाला, अँब्युलन्स बोलवायला. ठाकरीण बाईनं कोयत्यानं बांबू तोडला, आम्ही दोन साड्या आणि शाल मिळून झोळी केली. उतरताना दर दहा पावलांवर थांबावं लागे. ताईचं अंग थंड पडत चाललं होतं. मी सारखी विचारत होते, "आहे का श्वास? आहे का?" शेवटी मास्तर चिडले, "तुम्ही गप्प बसा हो जरा!" आणि मग स्वतःच रडायला लागले.

गावात अँब्युलन्स उभी होती. आधी कर्जत, तिथून पनवेल. तिथल्या नर्सनं ताईच्या अंगातून काटे काढायला सुरुवात केली आणि मोजायचं सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. डॉक्टर म्हणाले, विषानं किडन्या बसल्यात, डायलिसिस करून बघू, पण खात्री नाही. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहायची. येणारा प्रत्येक जण विचारायचा, काय झालं, कसं झालं, तू कुठं होतीस. मी सांगायची, माशांचा आवाज एवढा होता की काहीच ऐकू येत नव्हतं. इतक्यांदा सांगितलं की ते माझ्या तोंडात बसलं.

अडीच आठवड्यांनी किडन्या पुन्हा चालू झाल्या. डॉक्टरांनाही तेवढी आशा नव्हती. ताईला मी खालापूरला माझ्याकडं आणलं.

त्या ठाकरीण बाईला भेटायला मी एकदा गेले, साडी घेऊन. तिच्या कोपरावर काळे डाग राहिले होते. "तुझी बहीण जिती हाय ना?" तिनं विचारलं. आहे म्हटल्यावर तिनं साडी घेतली, मला कोरा चहा दिला आणि अंगणातल्या गवताच्या पेंढ्या बांधायला लागली.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी ताईचे केस विंचरत होते. ती खाली पाटावर, मी मागं खुर्चीवर. तिची तब्येत पुष्कळ सुधारली होती, वरणभात पोटभर खात होती. मी फणी फिरवत असताना तिनं विचारलं, "तुला ऐकाया येत होतं का गं, मी हाका मारत होते ते?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. ते बाहेर आलं नाही.

"येत होतं," मी म्हटलं.

"समदं?"

"सगळं."

रस्त्यावरून टोलनाक्याकडं जाणाऱ्या ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"मला वाटलं तू मेलीस," ती म्हणाली. "तू बोलेनास, तवा मला वाटलं, ही गेली. मंग मी गप झाले. कुणाला हाका मारायच्या?"

फणी तशीच केसांत अडकलेली.

"यायचं होतंस असं मी नाय म्हणत," ती म्हणाली. "एक शब्द टाकायचा होतास."

तिनं हात मागं करून फणी काढली आणि स्वतःच केस बांधून घेतले.

आठ दिवसांनी ती आपल्या गावी गेली. अंगणवाडीत पुन्हा जाते. दर रविवारी मी तिच्याकडं जाते, ती भाकरी टाकते, आम्ही जेवतो, शेजारपाजारचं बोलतो. निघताना ती मला रिक्षापर्यंत सोडायला येते, पूर्वीसारखीच. पण कुठं लांब चालत जायचं म्हटलं की माझ्याबरोबर येत नाही. गुडघ्यांचं कारण सांगते. ते खरंही असेल. मी आग्रह करत नाही.