बोअरचं झाकण
गंजलेल्या लोखंडाचा ओला वास आला की मला उमरीकडच्या एका गावातलं ते अंगण आठवतं. भूजलाच्या अभ्यासासाठी मी तिथला बंद पडलेला बोअर मोजायला गेलो होतो. भर दुपारी झाकण काढलं, तोंडाशी कापसाचा पुंजका धरला, तर तो वर उडायला लागला. घरची मावशी दचकली. "हवेचा दाब बदलला की बोअर श्वास घेतो, सोडतो," मी ऐटीत सांगितलं. "म्हंजी जमीन जित्ती हाय म्हणा की," ती पुटपुटली. तेवढ्यात कापूस थबकला आणि सर्रकन आत ओढला गेला. पायाखाली गुरगुर झाली; भूकंप कळावा म्हणून घरात एकावर एक रचून ठेवलेले तांबे-पेले खणखणत कोसळले. मग इतकं शांत झालं की दावणीची शेळीसुद्धा ओरडेना. मावशीनं घराकडं पाहिलंच नाही; ती माझ्याकडं बघत होती. "तुमी उठवलं तिला," ती हळूच म्हणाली, "लावा ते झाकण." आता लातुरात मी विद्यार्थ्यांना हवेचा दाब शिकवतो, बोअरवर नेऊन कापूसही उडवून दाखवतो. झाकण मात्र मीच लावतो, आवाज न करता.