भट्टीवरचा ताप

शेठने मला फसवलं आणि मी मंगळ्याला फसवलं. यातली पहिली गोष्ट खोडाळ्याच्या बाजारात कुणालाही विचारा, तो तोंडपाठ सांगेल. मीच इतक्यांदा सांगितली आहे. दुसरी आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोपुढेही नाही. देवाला सांगितली असती, पण तो भाव करत नाही, आणि भाव न करणाऱ्यापुढे मला बोलता येत नाही.

जंगलाचा ठेका शेठचा, माणसं माझी. जव्हारचं संस्थान मुंबई राज्यात गेलं, राजाचे शिक्के जाऊन सरकारचे आले. आमच्या कोळशाच्या भट्ट्या मात्र होत्या तशाच धुमसत राहिल्या. त्यांच्यावर मुकादम मी. डोक्यावरून कोळशाच्या पाट्या वाहत वाहत मुकादम झालो. कुणी हात धरून वर आणलं नाही. शेठने शब्द दिला होता, पुढच्या वर्षी जंगलाचा जो तुकडा तोडायला मिळेल त्यात तुझी भागी. तुकडा मिळाला, आणि भागीत त्याचा भाचा बसला. मी त्याच्या दारात उभा राहून शिव्या दिल्या. त्याने आतून प्यायला पाणी पाठवलं. तो तांब्या आठवला की अजून अंगाची आग होते.

पण एक गोष्ट मला कुणीच विचारली नाही. शेठसारखा माणूस, जो आपल्या झाडाची सावलीही फुकट देणार नाही, तो मला भागी द्यायला निघालाच का होता? कशाबद्दल?

तिथेच यायचं आहे. येतो.

पाऊस उघडला की आमच्याकडे घरोघर हिवताप. आणि भट्टी अशी, की एकदा पेटवली की सोडून जाता येत नाही. लाकडं रचायची, त्यावर पाला, पाल्यावर ओली माती लिंपायची आणि आत आच द्यायची. मातीला कुठे भोक पडलं की वारा शिरतो, आणि कोळशाऐवजी राख हाती लागते. म्हणून शिडी लावून वर चढणारा, भोकं बुजवत फिरणारा माणूस लागतो. त्याला आजारी पडायला सवड नसते... म्हणजे, मी ती देत नव्हतो.

जुनी रीत अशी होती. कुणाला ताप आला की मुकादमाने त्याच्या झोपडीवर जायचं, कपाळाला हात लावायचा, तापला असेल तर त्याला पडू द्यायचं. ही रीत मी मोडली नाही. मोडली असती तर माणसं उठून गेली असती. मी फक्त तिची जागा बदलली. म्हटलं, दारोदार फिरायला मला वेळ नाही. ज्याला ताप असेल त्याने भट्टीवर यावं, तिथे हात लावून बघतो.

कळलं ना? भट्टीपाशी उभा राहिलेला प्रत्येक माणूस तापलेलाच असतो. मी आजाऱ्याच्या कपाळाला हात लावायचो, मग शेजारच्या धडधाकट गड्याच्या, आणि सगळ्यांदेखत म्हणायचो, हाही तेवढाच तापलाय, हा कुठे घरी चाललाय? माणसं हसायची. एक म्हातारा म्हणायचा, मुकादमाचा हात लागला का ताप पळतो. मी ते कौतुक समजायचो. खरंच समजायचो का? नाही. टोमणा मला पहिल्याच दिवशी कळला होता. पण कामावर माणसं पुरी दिसत होती, आणि शेठ माझी पाठ थोपटत होता.

मंगळ्या कातकरी. वर चढायचं काम त्याचं. मातीच्या त्या गरम पाठीवर तो मांजरासारखा चालायचा. त्या सकाळी तो आला तो बायकोच्या खांद्यावर हात टाकून. जानी तिचं नाव. आल्याबरोबर तो भट्टीला पाठ लावून उभा राहिला — आणि हे मला लिहायचं नव्हतं, पण लिहितो. धडधाकट माणूस भट्टीला कधी टेकत नाही. आम्ही सगळे तिच्यापासून हातभर दूर राहतो. हा तिला चिकटला होता, ऊब घेत होता, आणि त्या धगीतही त्याचे दात वाजत होते.

मी कपाळाला हात लावायला पुढे झालो, तशी जानी मध्ये आली. ओरडली नाही. म्हणाली, "मुकादम, हात लाव, पण घरी येऊन लाव. इथं नको."

माझी युक्ती तिने सगळ्यांसमोर उघडी केली होती. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. मला राग आला. माझा राग सगळ्या पाड्यांना ठाऊक आहे. मी तिला बाजूला केलं, त्याच्या कपाळाला हात लावला, मग शेजारच्याच्या, आणि म्हटलं, सारखेच आहेत. चढ वर.

तो चढला. का चढला? मी खूप विचार केला आहे. चढला नसता तर मी काय करणार होतो? दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतलं नसतं, बस. त्याच्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

वर मधोमध आतली लाकडं बसून पोकळी झाली होती. रोजचा मंगळ्या तिथे पाय टाकण्याआधी बांबूने ठोकून बघायचा. त्या दिवशी बांबू त्याच्या हातात होता, पण हात थरथरत होते. माती खचली आणि तो मांड्यांपर्यंत आत गेला.

बाहेर ओढला. झोळी करून जव्हारच्या दवाखान्यात नेला. जगला. पाय राहिले, पण पायांसारखे नाही राहिले.

मग सरकारी साहेब चौकशीला येणार असं कळलं. संस्थान गेल्यावर आमच्याकडे लागू झालेल्या कायद्याने कामावर जखमी झालेल्याला मालकाने भरपाई द्यायची होती. शेठने मला आदल्या दिवशी घरी बोलावलं, स्वतःच्या हाताने चहा दिला आणि शांतपणे म्हणाला, "तो प्यायलेला असला, तर आपल्यावर काही येत नाही. आता तू काय ते बघ. पुढच्या वर्षी तुला भागीत घेतोच आहे."

हीच ती भागी.

मी दुसऱ्या दिवशी साहेबासमोर उभा राहिलो. तो म्हणाला, बायको सांगते याला ताप होता, खरं का? मी म्हटलं, "ताप कसला साहेब, प्यायला होता."

नुसतं खोटं नव्हतं ते, मोजून मापून बोललेलं खोटं होतं. दारूबंदी लागू झालेली. पाड्यावर घरोघर मोहाची मडकी. जानीने पुन्हा तोंड उघडून वाद घातला असता तर दारूचा छडा लावायला साहेबाच्या मागून पोलीस आले असते, आणि एकटा मंगळ्याच नाही, सगळा पाडा भरडला गेला असता. हे मला ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हेही तिला ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि गप्प बसली. बाकीची माणसं जमिनीकडे बघत होती. चौकशी संपली.

भरपाई नाही. आणि पुढे कुणी त्याला भट्टीवर उभं केलं नाही — प्यालेला माणूस कोण ठेवणार?

आता तो बाजाराच्या दिवशी खोडाळ्याला टोपल्या विकायला बसतो. जानी विणते, तो विकतो. मागच्या बाजारी मी चहाच्या टपरीवर लोकांना शेठची कहाणी सांगत होतो, भागीचा शब्द कसा मोडला ते. रंगात आलो होतो. समोरून मंगळ्या हळूच म्हणाला, "मुकादम, भागी कशाची होती, ते पण सांग ना."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. तेव्हा बोलता आलं असतं. मी काय बोललो सांगू? मी म्हटलं, "सकाळीच टाकून आलास काय रे?"

सगळे हसले. इतक्या वर्षांनीही ते खोटं चाललं. तो हसला नाही. टोपल्या एकात एक घालायला लागला, बाजार उठायच्या आधीच. त्याच्या हातांकडे मी बघत राहिलो. ते थरथरत नव्हते. थरथरत होते ते त्याच दिवशी, एकदाच.

शेठने मला जबाब द्यायला हवा. ही मागणी मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. पण तिच्या आधी एक मागणी आहे, जानीची. ती तिने कधी तोंडाने केली नाही, कारण मीच तिचं तोंड बांधून ठेवलं होतं. म्हणून ती मी इथे करतो, माझ्याकडेच. साहेबाने विचारलेला प्रश्न अजून तिथेच उभा आहे, आणि तो ज्याला विचारला होता त्यानेच जबाब द्यायचा आहे.

तो प्यायलेला नव्हता. ताप होता. मी हात लावला होता.