वाऱ्याच्या दरीत अडकलेल्या वंदनाताई

वंदनाताई सकाळपासून एकाच दरीच्या काठावर अडकल्या होत्या आणि मी त्यांच्या मागे उभा राहून ओठ चावत होतो.

दरी अर्थातच खरी नव्हती. आमच्या कोथरूडच्या ऑफिसात, आतल्या बंद खोलीत, त्यांच्या हातातल्या छोट्या गेमयंत्राच्या पडद्यावर ती होती. आमची कंपनी परदेशी कंपन्यांचे गेम बाजारात येण्याआधी तपासून देते. याला टेस्टिंग म्हणतात. दिवसभर गेम खेळण्याचे पैसे मिळतात, असं नातेवाइकांना वाटतं. प्रत्यक्षात एकाच भिंतीवर दोनशे वेळा डोकं आपटून भिंत पक्की आहे ना, हे बघायचं काम आहे.

हा गेम मात्र माझ्यासाठी निराळा होता. नाव सांगता येत नाही, करारानं तोंड बांधलेलं आहे. ढगांच्या समुद्रावर तरंगणारी बेटं, त्यांच्यामधून होडी घेऊन हिंडणारी एक नावाड्याची मुलगी, एवढं सांगतो. या मालिकेचे आधीचे सगळे भाग मी कॉलेजपासून खेळत आलोय. बाराव्या बेटावरची घंटा किती वेळा वाजवायची, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. बायकोचा वाढदिवस विचारू नका.

नवा भाग पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी अक्षरशः दोन मिनिटं काहीच केलं नाही. नुसता ढगांचा आवाज ऐकत बसलो. यंत्र हातात मावेल एवढं, पण आतलं जग अफाट. जुनी गाणी होतीच, फक्त संथ केलेली. आणि सगळ्यात आवडलं ते हे, की गेम काही समजावून सांगत नव्हता. हल्लीचे गेम पावलोपावली बाण दाखवतात. इथे एकही बाण नाही. मी माझ्या अहवालात लिहिलं, 'वाऱ्याची दरी हा या गेमचा सर्वांत सुंदर भाग. खेळणाऱ्यावर पूर्ण विश्वास ठेवला आहे.' ते वाक्य मला आजही पाठ आहे आणि आठवलं की लाज वाटते.

त्या दरीत वारा उलटा असतो. वल्ही मारून होडी पलीकडे जातच नाही. युक्ती अशी, की शीड उतरवायचं आणि गप्प बसायचं. वाराच मग होडी उचलून पलीकडे ठेवतो. पहिल्या भागात एक म्हातारा नावाडी हे सांगायचा. नव्या भागात तो म्हातारा नव्हता. मला त्याची उणीव जाणवली नाही, कारण मला युक्ती माहीत होती. जुन्या चाहत्याचं हे असं असतं. घरचा माणूस अंधारातही पायरी चुकत नाही, म्हणून दिवा लावायचं त्याला सुचत नाही.

यासाठीच आमच्याकडे एक कोरा टेस्टर ठेवतात. कोरा म्हणजे ज्यानं त्या मालिकेतलं काहीही कधी खेळलेलं नाही असा माणूस. तो कुठे अडतो, किती वेळ अडतो, हे बघायचं आणि डायरीत लिहायचं. नियम एकच. कोरा अडकला तर कुणी काही सांगायचं नाही. त्याचं अडकणं हेच त्याचं काम.

वंदनाताई आमच्या कोऱ्या टेस्टर. मूळच्या अमरावतीच्या, वय त्रेचाळीस. तिथे एका शाळेच्या ऑफिसात होत्या. मुलीला इंजिनिअरिंगला इथे प्रवेश मिळाला, त्याच सुमारास यजमानांची नोकरी गेली आणि सगळं घर पुण्याला आलं. मोबाइलवर पत्त्यांचा डावसुद्धा त्या कधी खेळल्या नव्हत्या, म्हणून तर त्यांना घेतलं. तीन महिन्यांचं प्रोबेशन होतं. ते संपल्यावर नोकरी पक्की होणार होती आणि त्यांना ती हवीच होती.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या वल्ही मारत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. बाजूच्या टेबलावरची मुलं एकमेकांना कोपरानं ढोसत होती.

"सर, मी काय चुकून राहिले?" त्यांनी विचारलं. "माझ्या डोक्यातच येत नाही न काही. मॅडम काय म्हणतील?"

मी म्हणायला हवं होतं, की ताई, तुम्ही काहीही चुकत नाही आहात, गेम चुकतोय. तेवढंच म्हणायला हवं होतं. पण मला ते दिसतच नव्हतं. मला दिसत होती प्रोबेशनवरची एक बाई आणि दरीपलीकडचं ते दिव्यांचं बेट. ते कुणीतरी माझ्या डोळ्यांदेखत पहिल्यांदा बघावं, अशी मला फार इच्छा होती. म्हणजे निम्मी दया आणि निम्मी हौस.

"शीड उतरवा," मी हळूच म्हणालो. "आणि काही करू नका."

त्यांनी शीड उतरवलं. होडी उचलली गेली. बेट आलं, शेकडो दिवे एकदम लागले. "अगं बाई!" त्या म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या. मला इतका आनंद झाला, की मीच पुढे सांगितलं, "डायरीत लिहा, थोडा वेळ लागला, मग सुचलं."

"असं लिहू?"

"लिहा हो. मी टीमचा लीड आहे ना."

त्यांनी लिहिलं. मी तपासून सही केली.

गेम बाजारात आला आणि पहिल्याच आठवड्यात बोंब झाली. जुने चाहते खूश होते, पण नवे लोक त्या दरीतच अडकून पडले. गेम बिघडलाय, पुढे जातच नाही, असे रिव्ह्यू यायला लागले. क्लायंटनं आमच्या कामाची रेकॉर्डिंग उघडली. वंदनाताईंच्या यंत्राचा पडदा सगळा रेकॉर्ड झालेला होता, आवाज नव्हता. दीड दिवस वल्ही मारणारी बाई अचानक एका क्षणात शीड उतरवते आणि मग एकही बटण दाबत नाही, हे स्पष्ट दिसत होतं.

कॉलवर मी होतो, आमच्या मॅनेजर मेधा मॅडम होत्या आणि क्लायंटची माणसं. त्यांचं म्हणणं असं, की तुमच्या टेस्टरनं इंटरनेटवर जुन्या भागांचे व्हिडिओ पाहिले आणि अडकल्याचं लपवलं. कोऱ्या टेस्टरसाठी याहून मोठा गुन्हा नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"निलेश, तुला काही माहिती?"

"बघतो," मी म्हणालो. बघण्यासारखं काय होतं त्यात?

मग मॅडमनी वंदनाताईंना केबिनमध्ये बोलावलं. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो.

"अहो, जुन्या गेमचे व्हिडिओ पाहिलेत का आपण?"

"नाही मॅडम."

"मग एकदम सुचलं कसं? साक्षात्कार झाला?"

ताई म्हणाल्या, "सुचलं, मॅडम."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. लीडचं प्रमोशन होऊन चारच महिने झाले होते. मनात म्हटलं, नंतर मॅडमना एकट्यात सांगू, शांतपणे. नंतर म्हणजे कधी, हे मी ठरवलं नाही.

शुक्रवारी ताईंना सांगण्यात आलं, की त्यांना कन्फर्म करता येणार नाही. त्यांनी टेबल आवरलं, डबा पिशवीत घातला, सगळ्यांना "येते हं" म्हणाल्या आणि गेल्या. शनिवार-रविवार मला अन्न गोड लागलं नाही. सोमवारी मी मेधा मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"शुक्रवारपर्यंत काय वाचा गेली होती?"

मॅडमनी समोरचा लॅपटॉप मिटला.

"आता मी क्लायंटला काय सांगू? आधी दिलेलं उत्तर खोटं होतं, आता खरं ऐका? सांगावं तर लागेलच. पण वंदनाताईंना परत घेता येणार नाही. डायरीत तर त्यांनीच लिहिलंय, आणि या कामावर त्यांचं नाव क्लायंटला चालणार नाही. दुसरं काम सध्या आपल्याकडे नाही."

मॅडमनी क्लायंटला खरं कळवलं. मला लेखी ताकीद मिळाली, लीडचं पद गेलं. नोकरी राहिली. सात-आठ महिन्यांनी, आमच्याकडे माणसं कमी पडली तेव्हा, पदही परत मिळालं. ताईंचं मात्र काहीच परत आलं नाही.

त्यांचा पत्ता काढून मी भेटायला गेलो. सदाशिव पेठेतल्या एका क्लासच्या ऑफिसात त्या फी-पावत्या आणि हजेरीचं काम करत होत्या. आमच्यापेक्षा निम्म्या पगारावर. मला पाहून उठल्या, चहा मागवला. मी माफी मागितली. बरीच लांबण लावली, मदत करायला गेलो, चांगल्या हेतूनं केलं वगैरे.

त्यांनी मला थांबवलं.

"सर, तुम्ही सांगितलं त्याचा मला राग नाही. ते दिव्यांचं बेट मी मुलीला किती वेळा सांगितलं असेल." मग चहाचा कप माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "पण केबिनमध्ये मी तुमच्याकडे पाहिलं न सर, तेव्हा तुम्ही पेनचं टोपण काहून पाहून राहिले होते?"

चहा घेतला आणि निघालो.

गेममध्ये पुढे सुधारणा आली. दरीच्या काठावर आता तो म्हातारा नावाडी बसलेला असतो आणि शीड उतरवायला सांगतो. एका वाक्याचं काम होतं. वंदनाताईंच्या डायरीत 'दीड दिवस अडकले' एवढं खरं लिहू दिलं असतं, तर तो म्हातारा पहिल्या दिवसापासून तिथे बसला असता आणि ताई आमच्या ऑफिसात.

पुन्हा लीड झाल्यावर मी एक नियम लिहून मेधा मॅडमना दाखवला: कोरा टेस्टर अडकलेला असताना लीडनं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मॅडमनी वाचला, सही केली आणि कागद परत देताना म्हणाल्या, "खाली अजून एक ओळ घाल. विचारल्यावर बोलायचं."

ती ओळ मी घातली. नवीन मुलं ट्रेनिंगमध्ये ती वाचून हसतात, असले नियम लिहायला लागतात का सर, असं विचारतात. मी त्यांना सांगतो, आमच्याकडे लागला.