वलगावचा तह
समस्त मानवजातीस कळवण्यात येते की, वेल्स आणि जमैका यांच्यातला मैत्रीचा तह वलगावच्या एका शेतात, वांग्याच्या भाजीच्या साक्षीने झाला आणि दुभाषा मी होतो. गोवऱ्यांवर भाजणाऱ्या कणकेच्या रोडग्यांचा वास आला की तो दिवस आठवतो. १९६० चं दशक नुकतंच लागलं होतं. मी शिकवत होतो त्या अमरावतीच्या कॉलेजात दोन पाहुणे प्राध्यापक आले होते, वेल्सचे गोरे आणि जमैकाचे काळे. आठवडाभर ते एकमेकांशी नमस्कारापलीकडे बोलले नव्हते. ‘एका जेवणात दोस्ती करून देतो,’ अशी बढाई मी मारून बसलो होतो. म्हणून दोघांना वलगावला रोडग्यांच्या जेवणाला नेलं. पंगत बसली आणि शेतमालकीणबाईंनी विचारलं, “पाव्हन्यायचं आडनाव काय?” दोघांचं एकच निघालं. “मंग सख्खे का चुलत?” जमैकाचे शांतपणे म्हणाले, “हे आमच्या मालकाचं नाव. माझे पणजोबा त्याच्या उसाच्या मळ्यावर गुलाम होते. मालक वेल्सचा.” मी त्याचं मराठी केलं. सगळ्यांचे हात थांबले. वेल्सचे पानावरून उठले, तेव्हा माझी अब्रू गेलीच असं मी धरून चाललो. पण ते जमैकाच्यांसमोर मांडी घालून बसले. “माझी पणजी जाडंभरडं लोकरी कापड विणायची. ते तुमच्या पणजोबांसारख्यांना घालायला जायचं. त्यावर आमचं घर चाललं.” जमैकाच्यांनी आपला रोडगा मोडला आणि अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. मी भाषांतरासाठी रुबाबात घसा खाकरला, तशा बाई म्हणाल्या, “मास्तर, आता पुरे. आमाले सारं समजून राह्यलं, तुमी तूप वाढा.”