बॉल आत कोण देणार?

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. शेवटच्या वर्षी कॉलेजने बास्केटबॉलची जुनी टीम मोडली आणि नाशिकभरातून पाच नावाजलेल्या पोरी आणल्या. जुन्यांतली मी एकटीच उरले, तीही बेंचवर. फायनलला आई-आप्पा मुद्दाम पिंपळगावहून आले, आणि मी आपली बसलेली!

मॅच हातातून चालली होती. समोरच्यांनी बास्केट केली, की आपल्यातल्या एकीने रेषेबाहेरून बॉल आत द्यायचा असतो. पण पाचही जणी पास घ्यायला पुढे पळायच्या आणि बॉल मागेच पडून राहायचा. आत द्यायची पाच सेकंदांची वेळ संपली, की रेफ्री तो समोरच्यांना द्यायचा. दोनदा असं झाल्यावर सर ओरडले, “बॉल काय घरपोच येणारे का?” मग एकीला बाहेर बोलावलं आणि माझ्याकडे वळले. “जा, तू दे.”

मी तेवढंच केलं. बाकीच्या चौघींनी बास्केटांचा धडाका लावला आणि आम्ही जिंकलो.

आप्पा म्हणाले, “लय पळाली, पण जाळीत एकबी टाकला नाय.”

“आप्पा, मी आत दिला म्हणून त्यांनी टाकला.”

“मंग आधी का बसवली व्हती?” म्हणत आप्पा सरळ सरांकडेच निघाले. आईने आणि मी हसत हसत त्यांना आवरलं.