आज नाय जुंपत

गारखेड्यातल्या एका दुकानात दर रविवारी ट्रेडिंग कार्डांची स्पर्धा असते. पाकीट फोडायचं, एक कार्ड ठेवून बाकीची शेजाऱ्याकडं सरकवायची आणि जमतील त्यांवर खेळायचं. फुलंब्रीहून येणारा एक गृहस्थ ड्रॅगन सोडून फक्त बैल उचलतो. हल्ला करायचा तर कार्ड आडवं करतात, तो ते करताना म्हणतो, "जुंपला."

पोळ्याच्या दिवशी अंतिम डावात तो माझ्यासमोर होता. एका बैलानं मी संपलो असतो. त्यानं कार्डावरून हलकेच बोट फिरवलं.

"आज नाय जुंपत, भाऊ."

मी जिंकलो, पण बक्षीस घेताना वर बघवेना.

पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा बैलच गोळा केले आणि मला पार तुडवलं.

"जनावरांला आराम लई मानवला," तो म्हणाला.